गिरजाक्काच्या हाती किल्ली

एकदा एका हौशी व्यापाऱ्याने आपल्या बागेत बावीस गिनीपिग पाळले होते. गुबगुबीत जीव, चाऱ्याची चाहूल लागताच शीळ घालणारे. पण त्यांना कातडीचा संसर्ग जडला. आधी एकाच्या नाकावरचे केस गेले, खपल्या धरल्या. मग दुसऱ्याच्या, मग पाचव्याच्या. व्यापाऱ्याने नगरातील वृद्ध पशुवैद्यांना निरोप धाडला, आणि त्यांनी आपला शिष्य भार्गव याला शुश्रूषेसाठी तेथे ठेवले.

भार्गव मोठा मायाळू, पण तितकाच संशयी. रोग हटेना, तेव्हा त्याची नजर चारा घालणाऱ्या गिरजाक्कावर गेली. तिच्या घरी शेळ्या. गवत आणायची ती नदीकाठचे. एकाही जिवाला कधी कुरवाळायची नाही. चारा टाकला, पाणी बदलले, की चालती झाली. हिच्याच हातून रोग येतो, असे त्याच्या मनाने घेतले. आणि मनाने एकदा घेतले, की मग काय विचारता! ती बोलली तरी पुरावा, गप्प राहिली तरी पुरावा. व्यापाऱ्यालाही ते पटले. महिनाअखेर तिला कामावरून काढायचे ठरले. एकट्या बाईची चूल या कामावरच पेटत होती, याचा विचार कोणी केला नाही.

गुरुजी आले. दोन दिवस ओट्यावर बसून त्यांनी नुसते पाहिले. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यांच्या खोलीची किल्ली त्यांनी गिरजाक्काच्या हाती दिली. मलमही तिलाच दिले. भार्गवला मात्र बजावले, "तीन आठवडे तू आत पाऊल टाकायचे नाही."

भार्गवला ते फार झोंबले. गुरुजींना म्हातारचळ लागला, की या बाईने त्यांचे कान भरले? तो खिडकीशी उभा राहून पहारा देऊ लागला. तीन आठवडे सरले. जुने चट्टे भरत आले, नवा एकही उठला नाही.

"हे कसे झाले, गुरुजी?"

"खिडकीशी उभा राहून तू सारखा हात खाजवतोस. बाही वर कर पाहू."

मनगटाच्या वर एक लालसर, गोल चट्टा होता. डास चावला असेल, असे भार्गव समजत होता.

गुरुजी म्हणाले, "जो सर्वांत आजारी, त्याला तू आधी मांडीवर घ्यायचास, कारण तुला त्याची दया यायची. मग त्याच हातांनी निरोग्यांना गोंजारीत फिरायचास. गिरजाक्का निरोग्यांपासून आरंभ करते, आजाऱ्यांकडे शेवटी जाते. रोगाला माया कळत नाही, बाळा, स्पर्श तेवढा कळतो. तू सगळ्यांचे हात तपासलेस, स्वतःचे तेवढे राहिले."

भार्गवला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने व्यापाऱ्याकडे जाऊन सारे कबूल केले, आणि गिरजाक्काचे काम टिकले. मग तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अक्का, माझं चुकलं."

गिरजाक्का गवत निवडत होती. ती म्हणाली, "तुमच्या हातावरचा चट्टा मला पहिल्याच आठवड्यात दिसला होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

 आपण काय म्हणालो असतो, ते भार्गवला नेमके ठाऊक होते.