बोटावरची खूण

एका खाडीकाठच्या गावात मोरेश्वर नावाचा सुतार होता. भिकू मेस्त्रींनी त्याला रंधा धरायला शिकवला. शिकताना पटाशी निसटली आणि त्याचं बोट हाडापर्यंत कापलं, तेव्हा त्याला पाठीवर घेऊन मेस्त्रींनीच दवाखाना गाठला होता.

पुढे मोरेश्वर शहरात गेला. देवळांचे लाकडी सभामंडप लॅपटॉपवर रेखू लागला. नाव झालं. मग गावाकडचे फोन त्याला नकोसे झाले. कुणाला पाट हवा, कुणाला पोळपाट. त्याने नंबरच बदलला आणि नवा नंबर गावात कुणालाही दिला नाही, मेस्त्रींनासुद्धा. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

एके दिवशी लॅपटॉप अडला. दुरुस्तीवाल्याने तो पुसून कोरा करून दिला. म्हणाला, "चित्रं तुमच्या खात्यात आहेत. पासवर्ड टाकलात की परत येतील."

पासवर्ड काही केल्या आठवेना. दोन वर्षांची मेहनत त्या खात्यात होती आणि दुसऱ्याच दिवशी ती देवस्थानच्या पंचांना दाखवायची होती. पाच वेळा चुकल्यावर पडद्यावर अक्षरं उमटली, 'ओळख पटवण्यासाठी तुमच्या फोनवर कोड पाठवला आहे.' खाली शेवटचे आकडे होते ते जुन्या नंबरचे. मोरेश्वरच्या तोंडचं पाणी पळालं.

त्याने जुना नंबर फिरवला. तो आता घाटावरच्या हौसाबाई नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईकडे होता. त्याने सगळी हकिगत सांगितली.

"आकडा कुणाला सांगू नये म्हणत्यात, भाऊ," ती म्हणाली. "तुमीच मोरेश्वर कशावरनं? ह्या नंबरावर दर बाजाराला एका म्हाताऱ्याचा फोन यायचा. 'मोऱ्या हाय का' म्हणायचा, आन् एकच गोष्ट इचारायचा. ती सांगा."

जखम भरल्यावरही मेस्त्री भेटले की एकच विचारायचे, ते मोरेश्वरला आठवलं. मग तो म्हणाला, "बोट दुखता काय रे?"

हौसाबाईने कोड सांगितला. "त्यास्नी ऐकू कमी येतं. मी तुमच्या घरातलीच वाटायची. मग मीच सांगायची, न्हाई दुखत, बाबा. पर चार बाजार झालं, फोन न्हाई."

खातं उघडलं. एकेक चित्र पडद्यावर परत आलं, पण मोरेश्वरचं लक्ष लागेना. आपल्या जागी एक परकी बाई उत्तर देत होती, याची त्याला लाज वाटली. त्याने पंचांना उद्या येत नसल्याचं कळवलं आणि गावची गाडी धरली.

भिकू मेस्त्री पडवीत बसले होते. त्यांची नजर पुरती गेली होती, म्हणून बाजार सुटला होता आणि तिथल्या दुकानातला फोनही.

"कोण?" त्यांनी विचारलं.

मोरेश्वरने तीनदा नाव सांगितलं. त्यांना ऐकू गेलं नाही. शेवटी त्याने आपला हात त्यांच्या हातात दिला. म्हाताऱ्याची बोटं चाचपत चाचपत त्या जुन्या व्रणावर येऊन थांबली.

"मोऱ्या! बोट दुखता काय रे?"

मोरेश्वरच्या डोळ्यांना धार लागली. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन तो म्हणाला, "आज दुखता, मेस्त्री."

तात्पर्य: विसरलेला पासवर्ड पुन्हा मिळतो, पण ज्यांनी आपल्याला घडवलं त्यांच्याशी नातं तोडलं, तर आपली खरी ओळख पटवणारं कुणी उरत नाही.