पारव्याचा दहावा

"मग मला रडू का येतं, माई?"

दिगंबरबुवांनी उजाडल्यापासून हा प्रश्न पाचव्यांदा विचारला.

येसूमाई मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा उचलला, निरखून पाहिला आणि बाजूला टाकला.

"येतं म्हणून येतं."

"हे उत्तर झालं का?"

"मग नको घेऊस."

बुवांनी कपाळावर हात मारला. मी झाडू मारला. दोघांचाही वैताग सारखाच होता.

नदीकाठच्या या मठात माईंखेरीज कायमचा राहणारा मी एकटाच. तीस वर्षं घरोघरी टपाल वाटलं, आता सभामंडप झाडतो. मंडपाच्या तुळयांवर शे-दीडशे पारवे आहेत. हे जंगली कबुतर दिवसभर काय करतं, ते ज्याच्या हातात झाडू आहे त्यालाच ठाऊक. तेव्हा एक पारवा मेला म्हणून माणूस इथं येऊन तीन दिवस अन्न टाकून बसतो, याचं मला कौतुक वगैरे काही नव्हतं.

बुवा म्हणजे साधी असामी नव्हे. विशीत माईंपाशी आले, चार वर्षं राहिले आणि प्रवचनकार होऊन बाहेर पडले. आता पन्नाशीला आलेत. देह नाशवंत आहे हे ते असं काही सांगत, की ऐकणाऱ्याला आपण आजच गेलो तरी हरकत नाही असं वाटावं. मला स्वतःला दोनदा वाटलं आहे.

त्या दिवशी सकाळी दहा वाजता त्यांना न्यायला सप्ताहवाल्यांची जीप यायची होती. सात दिवस, सात प्रवचनं, विषय वैराग्य. आणि बुवांना रडू आवरत नव्हतं.

"मागल्या गुरुवारी भर प्रवचनात रडलो," बुवा म्हणाले. "देवळाच्या छपरात पंख फडफडले, एवढंच. पुढचं वाक्य तोंडातून निघेना."

"लोक काय म्हणाले?"

"भाव दाटून आला म्हणाले. पायांवर डोकी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी."

"मग बरं झालं की."

"बरं काय, माई? त्यांना वाटलं देवासाठी. मी एका पाखरासाठी रडत होतो. आता सात दिवस वैराग्य कोणत्या तोंडानं सांगू? एवढं थांबवा. काही नेम सांगा, जप सांगा, उपास सांगा."

"उपास चालूच आहे तुझा. थांबलं का त्यानं?"



माईंनी आणखी दोन खडे काढले. मग विचारलं, "कुठं मिळालं होतं ते पाखरू?"

तीन दिवसांत माईंनी हे पहिल्यांदाच विचारलं. बुवांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"संक्रांतीला. पतंगाच्या मांज्यात अडकून बाभळीला उलटा लटकला होता. पंख पार हाडापर्यंत कापलेला. शिडी लावून काढला, हळद भरली, पंख सुतानं बांधला. आठ दिवस चोच उघडेना. मूग भिजवायचे, वाटायचे आणि कापसाच्या वातीनं त्याचं पाणी पाजायचं. दर दोन तासांनी."

"दर दोन तासांनी?"

"हो. त्या आठ दिवसांत एक प्रवचनही रद्द केलं."

माईंनी सूप जरा पाखडलं.

"मग उडायला लागला. घरातल्या घरात. दार उघडं ठेवायचो, पण अंगणापलीकडे जायचा नाही. ज्वारीचा डबा वाजला की खांद्यावर. मी पोथी वाचायला बसलो की हा येऊन पानावर बसणार. पान उलटायचं म्हणजे आधी त्याची मनधरणी करावी लागायची." बुवा हसले, आणि हसता हसता त्यांचं तोंड वाकडं झालं. "रामनवमीच्या दिवशी सकाळी कोनाड्यात हात घातला... तर गार."

वर तुळईवर पारवे घुमत होते. बुवांनी कानांवर हात ठेवले.

"किती दिवस झाले?"

"सतरा. दहाव्या दिवशी मी..." बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडायचं निमित्त करून पाठ फिरवली, पण कान तिकडेच होते. "दहाव्या दिवशी मी भाताचा गोळा करून नदीवर ठेवला. कोणाला न सांगता."

माझा झाडू थांबला. पारव्याला पिंड. असलं काही मी जन्मात ऐकलं नव्हतं.

माणूस गेलं की दहाव्याला नदीवर पिंड ठेवतात. कावळा शिवला की गेलेल्याचं मागं काही राहिलं नाही असं समजायचं. नाही शिवला, तर घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात. धाकटीचं लग्न लावून देऊ, म्हशीला विकणार नाही. आणि कावळ्याची वाट बघत उभे राहतात. हे सगळं माणसांसाठी.

"शिवला?" माईंनी विचारलं.

"नाही ना. सकाळी उभा राहिलो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत. सगळं कबूल केलं. गावातल्या झाडाझाडावरचा मांजा काढीन म्हटलं. रोज ज्वारी टाकीन म्हटलं. कावळे समोरच्या पिंपळावर होते, बघत होते. एकही खाली उतरला नाही. तेव्हापासून रोज एक गोळा ठेवतोय. इथं आल्यावरही."

म्हणजे तीन दिवस पहाटे माझ्या तपेलीतला रात्रीचा भात कमी होत होता, तो असा. मी उगाच मांजराला काठी दाखवत होतो.

माईंनी सूप खाली ठेवलं. उठल्या, देवघराच्या कोपऱ्यात गेल्या. तिथं दर्भाची जुडी असते. तिच्यातून चार काड्या ओढल्या, येऊन बसल्या आणि वळायला लागल्या. एक गाठ मारली, दोन टोकं पंखांसारखी काढली, एक चोचीसारखं दुमडलं.

"घे."

"हे काय?"

"कावळा. घाटावर जा, तुझ्या पिंडाला लाव आणि ये. शास्त्राला चालतं, तुला सांगायला नको. दहा मिनिटांचं काम. जीप यायच्या आत मोकळा होशील."

बुवांनी तो गवताचा कावळा तळहातावर घेतला.  मग सावकाश खाली ठेवला.

"हे नको, माई."

"का?"

"पटत नाही मनाला."

"काय पटत नाही?"

"असं गवत लावून उरकून टाकायचं... त्याच्यासाठी थांबायचंच नाही... नको."

माईंनी मान वर केली. सकाळपासून पहिल्यांदा त्यांनी बुवांकडे सरळ पाहिलं.

"तुझ्या वडिलांना कावळा शिवला होता?"

...

"दिगंबर, मी विचारतेय."

"नाही."

"मग?"

"दर्भाचा केला."

"किती वेळ थांबून?"

"त्या दिवशी सिन्नरला प्रवचन होतं. गाडी येऊन उभी होती."

"किती वेळ?"

"...दहा मिनिटं."

"आणि सिन्नरला काय सांगितलंस?"

बुवांनी खाली पाहिलं. फरशीवर बोटानं एक रेघ ओढली, पुसली.

"सांगितलं की, दहा दिवसांपूर्वी बापाला अग्नी दिला. आणि बघा, डोळ्यांत टिपूस नाही."

"टाळ्या पडल्या?"

"पडल्या."

"काय मागं राहिलं होतं त्यांचं?"

"मला ठाऊक नाही. शेवटचे चार महिने ते अंथरुणावर होते. धाकटा भाऊ असायचा जवळ. मी... मला तारखा दिलेल्या होत्या, माई. गावोगावच्या."

"पाणी कोण पाजायचं?"

"धाकटाच."

 मला माझा झाडू कुठं ठेवावा कळेना. माणसाला इतकं उघडं पडलेलं बघणं बरं नव्हे, आणि निघून जावं तर पाऊल उचलत नव्हतं.

मग बुवांनी डोळे पुसले. पाठ ताठ केली. उपरणं खांद्यावर सारखं केलं. मला तेव्हाच शंका आली, कारण हे ते व्यासपीठावर चढण्याआधी करतात.

"आता उलगडलं, माई," ते म्हणाले, आणि आवाज खर्जात गेला. "म्हणजे हे अश्रू मुळात पारव्यासाठी नव्हतेच. पारवा केवळ निमित्त. त्या मुक्या जिवाच्या रूपानं साक्षात पिताच दारी आला, आपल्या हातून दोन थेंब पाणी मागायला. आणि म्हणून, सज्जनहो..."

सज्जनहो म्हणाले. खरंच म्हणाले. आम्ही दोघंच होतो समोर.

माईंनी सूप उपडं केलं.

उजाडल्यापासून निवडलेला तांदूळ फरशीभर झाला. काढलेले खडेही त्यातच गेले.

"पारव्यासाठी रडलास ते पारव्यासाठीच," माई म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण वीस वर्षांत मी त्यांना इतकं संतापलेलं पाहिलं नव्हतं. "बिचारा मेला. त्याचं पुराण करू नकोस. बापाचं केलंस तेवढं पुरे."



तांदळाचा आवाज झाला तसे वरचे पारवे उतरायला लागले. आधी दोन, मग दहा, मग सगळा मंडप भरला. नुकता झाडलेला मंडप. मी झाडू उगारला, तर माईंनी माझं मनगट धरलं.

बुवा त्या पाखरांच्या मधोमध बसून होते. पारवे त्यांच्या गुडघ्याशी टिपत होते, एक तर सरळ मांडीवरून चालत पलीकडे गेला. त्यातला एकही त्यांचा नव्हता. एकानंही त्यांना ओळखलं नाही.

बुवा रडायला लागले. आधीही रडत होतेच, पण मधे मधे बोलायचे. आता बोलले नाहीत. नाक गळत होतं तेही पुसलं नाही. आधी ते पारव्यासाठी रडत असावेत. पुढं कोणासाठी ते मला सांगता येणार नाही, आणि माईंनी मला विचारूही दिलं नसतं.

किती वेळ गेला कोण जाणे. पाखरांनी बराचसा तांदूळ संपवला आणि ती वर गेली. बुवा ओणवे झाले. उरलेले दाणे फरशीवरून एकेक करून ओंजळीत जमा केले. मंडपाच्या कडेपर्यंत रांगत गेले. मी इतक्या वेळा त्यांच्या पाया पडलो आहे, पण त्यांना असं गुडघ्यांवर कधी पाहिलं नव्हतं.

"तपेली द्याल का जरा?" मला म्हणाले.

मी दिली. त्यांनी तांदळातले खडे काढले, तांदूळ धुतला आणि मंडपाच्या कडेच्या चुलीवर चढवला. लाकडं ओली होती, धूर व्हायला लागला. ते फुंकत बसले. फुंकता फुंकता हात मागं नेला, फरशीवर पडलेला दर्भाचा कावळा उचलला आणि जाळात सारला. लाकडांनी पेट घेतला.

तेवढ्यात बाहेर जीप येऊन थांबली. हॉर्न वाजला.

"बुवा, गाडी आली," मी म्हणालो.

ते चुलीकडेच बघत होते.

"काय सांगू त्यांना?"

"भात शिजतोय म्हणून सांगा."

मी जाऊन सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, तिकडं जेवणाची सोय आहे. मी म्हणालो, ते मलाही ठाऊक आहे. तो म्हणाला, कलश निघालाय, मंडळी खोळंबलीत. मी म्हणालो, मग तूच आत ये आणि सांग. तो आला नाही. हॉर्न वाजवत राहिला.

आत आलो तेव्हा बुवांनी भात उतरवला होता. हाताला चटके बसत असताना गोळे वळत होते. एक वळला आणि केळीच्या पानावर ठेवला. मग तपेलीत पुन्हा हात घातला, आणि दुसरा वळला. तो जरा मोठा होता. पहिल्याच्या शेजारी ठेवला, मधे दोन बोटं जागा सोडून.

पान दोन्ही हातांत धरून ते पायरीपर्यंत गेले. इथून डावीकडची वाट घाटावर जाते, उजवीकडे जीप उभी होती. ते तिथंच थांबले.

"माई."

"काय?"

"वडील जाऊन नऊ वर्षं झाली. आता शिवेल का कावळा?"

"मला काय ठाऊक."

बाहेर हॉर्न वाजला. लांबलचक. पानावरच्या भाताची वाफ बुवांच्या तोंडावर येत होती.

"आणि नाहीच शिवला तर?"

माईंनी रिकामं सूप उचलून मांडीवर घेतलं. डब्यातून दोन मापटी तांदूळ त्यात ओतले आणि पुन्हा खडे शोधायला लागल्या.

"तुला कुठं जायचंय?"