येसू कासारणीचा खडा

कासारआळीचं पाणी नगरशेट भानूशेटने आपल्या केळीच्या बागेकडे वळवलं. आळीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन राजा तेजपालापुढे उभ्या राहिल्या. पुढे होती येसू कासारीण, घरोघर बांगड्या भरणारी, जिभेची गोड अन् डोक्याची तिखट.

राजा एक नंबरचा हट्टी. म्हणाला, "पाण्याची किल्ली नगरसभेच्या पंचाकडे असते. जागा रिकामी आहे, निवडून ये आणि घे. पण माझ्या नगरात गट नाही, निशाण नाही. कुणीही उभं राहावं. ज्या दोघांच्या मडक्यात मताचे जास्त खडे पडतील, तेवढेच दुसऱ्या फेरीत. आणि कुणाला काही द्यायचं नाही, कुणाची निंदा करायची नाही."

भानूशेट मिशीत हसला. निम्म्याहून जास्त गाव त्याच्या शब्दातलं. "बाई, तू आपली बांगड्या भर."

"तेच करते, शेटजी," म्हणत येसू थेट त्याच्याच लेकींकडे गेली.

तिघीही गावातच दिलेल्या. थोरलीच्या हातात बांगडी चढवताना येसू म्हणाली, "तुमचे हे उभे नाहीत? मला वाटलं, मोठ्या जावयाचा मान पहिला." मधलीला म्हणाली, "थोरले उभे राहतायत म्हणे. तुमचे हे काय कमी आहेत?" धाकटीला काही सांगावंच लागलं नाही, तिच्या कानावर आधीच गेलं होतं.

झालं! सासरा तर आधीच उभा होता, आता तिन्ही जावईही उभे राहिले. शेटने खूप समजूत घातली, पण रुसलेला जावई ऐकतोय कुठला? शेटचं गाव चौघांत वाटलं गेलं. कासारआळीचे खडे मात्र एकाच मडक्यात. मोजले तर वर आले दोघं, येसू आणि मधला जावई. भानूशेट स्वतःच बाहेर!

दुसऱ्या फेरीत थोरला आणि धाकटा मधल्याला मान द्यायला तयार होईनात; त्यांच्या माणसांचे खडे येसूच्या मडक्यात पडले. येसू निवडून आली.

"महाराज, हिने माझं घर फोडलं," शेट दरबारात कळवळला.

राजाने भुवया चढवल्या. "येसू, अट मोडलीस?"

"नाही महाराज. द्यायचं कसलं, मी बांगड्यांचे पैसे घेतले. निंदा कसली, मी तर जावयांना मोठंच म्हटलं. निशाण असतं तर सगळे त्याच्याखाली गप बसले असते. ते तुम्हीच उतरवलंत. मग उरला तो मान, अन् एवढासा मान एका घरात किती जणांना पुरणार?"

राजाच्या ओठांवर हसू फुटलं. "शेट, खरं सांगा, दुसऱ्या फेरीत तुमचा खडा कुठे पडला?"

शेटने मान खाली घातली. "आता पाण्यासाठी जावयाच्या दारात उभा राहू का, महाराज? येसूच्याच मडक्यात टाकला."

राजा पोट धरून हसला. पाण्याची किल्ली त्याने येसूच्या हातात ठेवली, आणि वर राणीसाहेबांना बांगड्या भरायचा मानही तिलाच दिला.