चुकण्यासाठी बांधलेली जागा

गोष्ट फार जुनी नाही. एका जिल्ह्याच्या गावी एक वैद्यकीय महाविद्यालय होते आणि तिथे एक वृद्ध अध्यापक होते. निवृत्तीला पंधरा वर्षे उलटली तरी आठवड्यातून दोनदा ते वॉर्डात येत. सारे त्यांना मोठे सर म्हणत. आपणही तेच म्हणू. त्यांचे एक वाक्य पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते : ‘रोगी हाच ग्रंथ.’ विद्यार्थी ते पहिल्याच दिवशी वहीत उतरवून घेत आणि पुढे स्वतः अध्यापक झाले की जणू आपल्यालाच सुचले असावे अशा थाटात ऐकवीत.

त्यांची एक शिष्या, शर्वाणी, आता त्याच महाविद्यालयात शिकवीत होती. दोन वर्षे खपून, साऱ्या सुट्ट्यांवर पाणी सोडून, तिने विद्यार्थ्यांसाठी एक वेबसाइट उभी केली होती. वॉर्डातल्या रुग्णांची रीतसर परवानगी घेऊन त्यांच्या हृदयाचे आवाज तिने तिथे साठवले होते. निरोगी हृदय कसे वाजते, झडप आकसली की कसे, गळू लागली की कसे, हे विद्यार्थ्याने कानाला इअरफोन लावून ऐकावे आणि ओळखावे. तो चुकला तर वेबसाइट रागावत नसे. तोच आवाज संथ करून पुन्हा ऐकवी. पहिला धडा मात्र आवाजाचा नव्हताच. पडदा कसा ओढावा, स्टेथोस्कोप तळहातात धरून ऊबदार कसा करावा, ‘तपासू का?’ असे कसे विचारावे, एवढाच तो धडा होता, आणि तो पुरा केल्याशिवाय पुढचे पान उघडत नसे. विद्यार्थी कुरकुरत, “मॅडम, हे काय शिकवायचं असतं?” शर्वाणी हसून सोडून देई.

ज्येष्ठ अध्यापकांना हे प्रकरण पसंत नव्हते. एक जण म्हणाले, “चित्र बघून कुणी पोहायला शिकलंय का?” दुसरे म्हणाले, “उद्या ही पोरं वॉर्डात यायचीच बंद होतील.” अखेर एक समिती बसली, आणि समितीला जे जमते तेच तिने केले : निर्णय दुसऱ्यावर ढकलला. वेबसाइट चालू ठेवायची की बंद करायची, हे मोठ्या सरांनी सांगावे; त्यांचा शब्द सर्वांना मान्य. हे कळले तेव्हा शर्वाणीने आशाच सोडली. ज्याने आयुष्यभर रोग्याला ग्रंथ मानले तो संगणकाच्या पडद्याला काय म्हणणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. बंद झाली तर दोन वर्षे पाण्यात जाणारच होती; पण ज्यांच्या हाताखाली आपण घडलो त्यांनीच ती बुडवावीत, हे तिला अधिक सलत होते.

मोठ्या सरांनी तीन दिवस ती वेबसाइट पाहिली. चौथ्या दिवशी निरोप आला : “सकाळी सगळे वॉर्डात या. बारा विद्यार्थी आणा. सहा वेबसाइट वापरणारे, सहा न वापरणारे. कोण कुठला, ते मला सांगू नका.”

त्या वॉर्डात केरबा नावाचा एक वृद्ध रुग्ण त्या दिवसांत पुन्हा दाखल होता. घोंगड्या विणणारा माणूस. लहानपणी आलेल्या तापाने त्याच्या हृदयाची एक झडप आकसली होती, आणि तिचा आवाज असा स्वच्छ की अध्यापक त्याला कौतुकाने ‘सुंदर केस’ म्हणत. बावीस वर्षे दर परीक्षेला केरबाला बोलावणे जाई. विद्यार्थी रांगेने येत, त्याच्या छातीला कान देत आणि बाहेर जात. एवढ्या वर्षांत केरबाला स्वतःचा रोग परीक्षकाइतकाच पाठ झाला होता. एखादा विद्यार्थी गडबडलेला दिसला की तो हळूच सांगे, “डाव्या कुशीवर वळवा मला, डॉक्टर. मग गावंल.” कितीतरी जण त्याच्या या एका वाक्यावर पास झाले होते.

त्या सकाळी बारा जण गळ्यात स्टेथोस्कोप घालून आत आले, तशी केरबाने सवयीने सदऱ्याची बटणे सोडली आणि तो डाव्या कुशीवर वळला. मोठ्या सरांनी त्याच्याकडे पाहिले. मग शेजारच्या रिकाम्या खाटेपाशी ते गेले, चपला काढल्या, शर्ट उतरवला आणि त्या खाटेवर सरळ आडवे झाले.

“आज केरबा नाही,” ते म्हणाले. “आज मी. माझ्या हृदयात काय आहे ते प्रत्येकाने शोधायचं आणि जाताना माझ्या कानात सांगायचं. मी सर आहे हे विसरा.”

समितीचे सदस्य एकमेकांकडे पाहू लागले. शर्वाणीला वाटले, म्हातारपणी सरांना हे काय सुचले?

पहिला मुलगा आला. त्याने थंडगार स्टेथोस्कोप थेट छातीवर टेकवला. सरांचे अंग शहारले. “वळा सर. श्वास रोखा. परत वळा. आता बसा.” दुसऱ्याने बरगडीवर इतके दाबले की सरांनी ओठ मिटून घेतले. तिसरी मुलगी आली ती आधी पडद्याकडे वळली. पडदा ओढून तिने स्टेथोस्कोप तळहातांत घोळवला आणि विचारले, “सर, तपासू का?” चार जागी कान दिला, क्षणभर थांबली, चादर वर ओढून दिली आणि गेली. मग पुन्हा कुणी दाबले, कुणी वळवले, कुणी ऐकताना घड्याळाकडे पाहिले. नववा विद्यार्थी गेला तेव्हा सरांना धाप लागली होती. समितीतले एक सदस्य पुढे आले. “सर, आता पुरे.”

“केरबाला कधी पुरे म्हणालात का?” मोठ्या सरांनी विचारले. “मीही म्हणालो नाही. दहावा येऊ दे.”

बारावा विद्यार्थी गेल्यावर ते उठून बसले. पाणी प्याले. मग म्हणाले, “ज्यांनी विचारून, स्टेथोस्कोप ऊबदार करून मला तपासलं ते पाच जण पुढे या. तुम्ही शर्वाणीच्या वेबसाइटवरचे, बरोबर?”

पाचही जणांनी मान हलवली. मागून एक मुलगा ओशाळून म्हणाला, “सहावा मी, सर. घाबरलो आणि विसरलो.” सारे हसले, सरही हसले.

“वयाने माझी एक झडप ताठर झाली आहे,” ते पुढे बोलू लागले. “या पाचांतल्या चौघांना ती लगेच सापडली. बाकीच्यांतही दोघांना सापडली, पण तोवर मी घामाघूम झालो होतो. ‘रोगी हाच ग्रंथ’ हे वाक्य माझंच आहे, आणि ते मागे घेऊन संगणकाच्या पडद्याला ग्रंथ म्हणा, असं मी सांगत नाही. पण त्या वाक्यात एक उणीव राहून गेली. पानं उलटताना ग्रंथाला दुखत नाही, माणसाला दुखतं. शिकणारा चुकणारच. त्याने चुकलंच पाहिजे, नाही तर तो शिकेल कसा? प्रश्न एवढाच, की त्याने चुकायचं कुठे. आम्ही सारे गरिबाच्या छातीवर चुकलो आणि त्यालाच ‘सुंदर केस’ म्हणून मोकळे झालो. या मुलीने चुकण्यासाठी एक जागा बांधली आहे. तिथे शंभर वेळा चुकलं तरी कुणाचं अंग दुखत नाही. चाळीस वर्षांत मला हे सुचलं नाही, तिला सुचलं. मला तिचा अभिमान वाटतो. वेबसाइट चालू राहील. आणि ती पुरी केल्यावाचून कुणी रोग्याच्या खाटेजवळ जाणार नाही.”

शर्वाणीचे डोळे भरून आले. आपण विद्यार्थ्यांसाठी काही केले एवढेच ती आजवर समजत होती. आपले खरे काम कुणासाठी झाले, ते तिला आत्ता उमगले.

केरबा शेजारच्या खाटेवरून सारे ऐकत होता. तो म्हणाला, “म्हंजे आता माझं काम सरलं म्हणायचं.”

त्याच्या बोलण्यात सुटकेचा आनंद नव्हता. इतक्या डॉक्टरांना त्याने घडवले होते, आणि तेवढीच त्याची मिरास होती. शर्वाणीला एकदम आठवले : वेबसाइटवरचा सर्वांत स्वच्छ आवाज केरबाचाच होता. परवानगीचा कागद तिने त्याला वाचून दाखवला होता, सही घेतली होती, आभारही मानले होते. आवाज मात्र ऐकवला नव्हता. वेबसाइटवर त्याचे नाव होते ‘रुग्ण ४’.

ती त्याच्या खाटेवर बसली. मोबाइल काढून इअरफोन त्याच्या कानांत हलकेच बसवले आणि आवाज सुरू केला.

केरबा ऐकत राहिला. “हे कोन वाजतंय?” त्याने विचारले.

“तुम्हीच, केरबाकाका. दोनशे मुलं रोज तुमच्याकडूनच शिकतात. तुमची हरकत नसेल तर तिथे तुमचं नाव लिहीन. आणि परीक्षेला तुम्ही यायचंच. तुम्हाला हात कसा लावला, ते तुम्ही आम्हाला सांगायचं. त्याचे गुण तुम्ही द्यायचे.”

केरबाने मान हलवली. “लिवा,” तो म्हणाला. “बावीस वर्सं समद्यांनी ऐकलं. मला आजच गावलं.” आणि नीट ऐकू यावे म्हणून, इअरफोन कानात असतानाच, तो सवयीने डाव्या कुशीवर वळू लागला.

शर्वाणीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ऊबदार होता. “काका, आता वळायला नको,” ती म्हणाली. “असंच ऐकू येतं.”