फणसाचा दस्ता आणि रंधा

ही कथा गेल्या माघात, गावच्या जत्रेनंतरच्या सकाळी, भिकाजी मेस्त्री यांनी सांगितली.

फार पूर्वी सगुण परब या बागायतदाराची जुनी बंदूक दुरुस्तीसाठी सुताराकडे आली. तिचा फणसाच्या लाकडाचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, सगुणच्या वडिलांनी मुलाच्या मापाने हाताने घडवला होता. गंज उतरून नळी चकचकीत झाली. दस्ता मात्र धास्तावला होता, कारण शेजारी रंधा बसला होता.

“तू खाली वाकलेला, वर एका बाजूला खोलगट,” रंधा म्हणाला. “दोन हात फिरवतो, पट्टीसारखा सरळ होशील.”

“कराच,” नळी हसली. “याच्याबरोबर चारचौघांत जायची मला लाज वाटते.”

एकदा तासलेले लाकूड परत जोडता येत नाही, हे दस्त्याला ठाऊक होते. तो म्हणाला, “रंधेदादा, खुशाल तासा. पण आधी मालकाला एकदा बंदूक खांद्याला लावून पाहू द्या.”

तेवढ्यात सगुण आला. त्याने रिकामी बंदूक उचलून दस्ता खांद्याला टेकवला. गाल खोलगट जागी अलगद बसला आणि डोळा नेमका नळीच्या रेषेत आला.

“मेस्त्री, दस्ता तासू नका,” तो सुताराला म्हणाला. “नुसते तेल पाजा.”

 नळी हळूच म्हणाली, “दस्तेभाऊ, तुम्ही वाकलात म्हणून माझा नेम सरळ लागत होता, होय?”

“तेल मुरू दे गं, मग बोलू,” दस्ता समाधानाने म्हणाला.

त्या संध्याकाळी रंध्याने गुपचूप आपलाच तळ पट्टीला लावून पाहिला आणि तो मधोमध खोलगट निघाला, असेही भिकाजी मेस्त्री सांगतात. एवढ्या भागाला मात्र दुसरा साक्षीदार मिळू शकला नाही.