डाव्या आसनाखालचा आवाज

कोल्हापूरच्या उद्यमनगरात बाबालाल शिकलगार नावाचे एक वृद्ध कारागीर होते. बिघडलेली गाडी ते हाताने तपासत त्याहून अधिक कानाने तपासत, असे लोक म्हणत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. उत्तरायुष्यात त्यांनी एकच शिष्य पत्करला, सन्मती मगदूम. हा काही कोवळा मुलगा नव्हता. पुण्यातल्या मोटारींच्या कारखान्यात आवाज मोजण्याच्या विभागात नऊ वर्षे काम करून, त्या नोकरीचा राजीनामा देऊन तो उस्तादांकडे आला होता. यंत्र जे सांगते त्यापलीकडचे काही शिकावे, एवढीच त्याची इच्छा होती.

एकदा त्यांच्या गॅरेजात एक गाडी आली. परदेशी बनावटीची, बसकी, दोनच आसनांची, वर कापडी छत, रंग गडद निळा. वय सेहेचाळीस वर्षे. गाडीचे मालक अरविंद नाडगौडा इचलकरंजीच्या एका सूतगिरणीतून निवृत्त झालेले. तरुणपणी हौसेने घेतलेली ही गाडी त्यांनी लेकरासारखी जपली होती. त्यांच्यासोबत पत्नी कुमुदिनीबाई होत्या. दर हिवाळ्यात ही दोघे याच गाडीतून आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीला मुलीकडे जात. या खेपेस निघायला दहा दिवस उरले होते.

"आवाज येतो म्हणते ही," नाडगौडा म्हणाले. "मला तर काही ऐकू येत नाही. पण ही आता गाडीत बसायलाच तयार नाही. म्हणते, मी एस्टीने जाईन, तुम्ही या मागून."

हे बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो गाडीच्या काळजीचा नव्हता. इतक्या वर्षांनी शेजारचे आसन रिकामे ठेवून घाट उतरायचा, या विचाराने ते दुखावले होते.

सन्मतीने वही उघडली. "काकू, कसला आवाज?"

"टक् असा. एकदाच होतो. माझ्या पायाखाली, पण जरा पुढच्या बाजूला," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "बारीक आहे. पण चांगला नाही वाटत तो."

सन्मतीने मान डोलावली, शब्द लिहून घेतले आणि गाडी ठेवून घेतली.

त्यानंतरचे सहा दिवस त्याने जे काम केले ते खरोखर वाखाणण्याजोगे होते. जुन्या गाडीत आवाजांना तोटा नसतो. एक थांबवावा तर त्यामागे दडलेला दुसरा ऐकू येतो. सन्मती रोज सकाळी रहदारी सुरू होण्याआधी गाडी बाहेर काढी. शेजारी कोणी बसलेले त्याला चालत नसे. माणूस बसला की बोलतो, हलतो, श्वास घेतो, आणि बारीक आवाज त्यात बुडून जातो, असे त्याचे म्हणणे. छताच्या सांगाड्यातला सैल रिबिट त्याने शोधला. बॉनेटखालचे वाळून दगड झालेले रबर बदलले. डॅशबोर्डवरच्या वेग-इंधन दाखवणाऱ्या घड्याळांच्या फळीमागे एक स्क्रू अर्धा निघून थरथरत होता, तोही आवळला. स्टेपनीचा पट्टा, मागच्या कप्प्यात विसरलेला पान्हा, एक्झॉस्टची कडी, असे करत त्याने अकरा आवाज पकडले आणि प्रत्येकाचे कारण वहीत लिहिले. गाडी जॅकवर उचलून चारही चाके हलवून पाहिली, खालचा प्रत्येक सांधा टॉर्चच्या उजेडात तपासला. सातव्या दिवशी ती गाडी रस्त्यावरून इतकी निःशब्द गेली की सन्मतीला स्वतःचाच अभिमान वाटला.

त्याने नाडगौडांना बोलावले. पतिपत्नी एक फेरी मारून परतली. नाडगौडांचा चेहरा फुलला होता. कुमुदिनीबाई मात्र दार उघडून उतरल्या.

"आहे अजून," त्या म्हणाल्या. "उलट आता जास्तच स्पष्ट ऐकू आला. बाकीचे सगळे गप्प झाले ना."

सन्मतीला थकवा होता आणि त्या थकव्यात थोडा अहंकारही होता. तो सौम्यपणेच बोलला, पण बोलू नये ते बोलला. "काकू, मी पुरते सहा दिवस ही गाडी चालवलीय. कधीकधी काय होतं, एखादा आवाज एकदा मनात बसला की तो ऐकू येतच राहतो."

"मी तरी दुसरं काय सांगत होतो!" नाडगौडा पटकन म्हणाले.

कुमुदिनीबाई मागे वळल्या. त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला आणि फाटकाकडे चालू लागल्या. ही बाई आता वाद घालणार नाही आणि पुन्हा या गाडीतही बसणार नाही, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होते.

"वहिनी, जरा थांबा," आतून उस्तादांची हाक आली.

सहा दिवस उस्तादांनी त्या गाडीला हातही लावला नव्हता. शिष्याचे काम चालू असताना मध्ये न पडण्याची त्यांची रीत होती. ते सावकाश बाहेर आले, हात फडक्याला पुसले आणि कुमुदिनीबाईंसमोर उभे राहिले.

"आवाज कवा येतो? सरळ रस्त्याला?"

"नाही. वळताना."

"कुठल्या बाजूला वळताना?"

त्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला. "उजवीकडे. आणि त्याच वेळी रस्ता खराब असेल तर नक्कीच."

"आणि तुम्ही एकट्याच बसला आहात, गाडी उभी आहे, तेव्हा?"

"तेव्हा कधीच नाही."

"बरं. एकदा बसा बघू जाग्यावर. गाडी हलवणार नाही मी."

त्या बसल्या. उस्ताद डाव्या बाजूच्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. टायर आणि त्यावरच्या मडगार्डमधल्या फटीत त्यांनी आपली बोटे आडवी घातली. साडेतीन बोटे बसली. मग त्यांनी स्वतः हात देऊन बाईंना खाली उतरवले आणि खुर्ची मागवून त्यांना सावलीत बसवले.

त्यानंतर त्यांनी जे केले त्याचा अर्थ तिथे कुणालाच लागेना. शेजारच्या फौंड्रीतून त्यांनी बिडाची जड कास्टिंगे मागवली. ती गोणपाटात गुंडाळून डाव्या आसनावर एकेक करून रचू लागले. एक ठेवायचे, चाकापाशी येऊन फटीत बोटे घालायची, पुन्हा जाऊन दुसरे उचलायचे. सत्तरी ओलांडलेला माणूस, कपाळावरून घाम निथळत होता. सन्मती मदतीला धावला, पण त्याच्या मनातला प्रश्न काही जाईना. जिचे वजन हवे ती बाई समोर खुर्चीवर बसलेली असताना एवढे लोखंड वाहायचे कशाला?

फट पुन्हा साडेतीन बोटांवर आली तेव्हा उस्ताद थांबले. नाडगौडा किल्ली घेऊन पुढे झाले, पण उस्तादांनी हात पुढे करून ती मागून घेतली.

"मी बसतो. सन्मती, तू चाकाच्या बाजूनं चाल. कान खाली ठेव. पाय लांब ठेव."

गॅरेजमागे एक मोकळे, खडबडीत पटांगण होते. तिथे माणूस चालत सोबत जाऊ शकेल इतक्या संथपणे गाडी फिरू लागली. सन्मती कमरेत वाकून शेजारून चालत होता. पहिला फेरा झाला. काही नाही. दुसऱ्या फेऱ्यात उस्तादांनी स्टीअरिंग उजवीकडे पुरते वळवले, डाव्या अंगाने गाडी जराशी दबली आणि पुढचे डावे चाक एका खळग्यात उतरले.

टक्.

बारीक, कोरडा, एकदाच. सहा दिवस ज्याची त्याने वाट पाहिली आणि ज्याचे अस्तित्वच अखेरीस नाकारले, तो आवाज सन्मतीने गुडघ्याइतक्या अंतरावरून ऐकला. त्याने हात वर करून थांबण्याची खूण केली.

गाडी जिथल्या तिथे थांबवली गेली. जॅक न लावता, वजन तसेच ठेवून, सन्मती सतरंजी अंथरून पुढून खाली सरकला. चाकाला चासीशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी, जोडणारा खालचा दांडा जिथे बसवलेला असतो, त्या पत्र्यावर डांबरी रंगाचे जुने थर होते. त्याने ते खरवडले. खाली भेग होती. करंगळीहून लांब, आणि या क्षणी नखाचे टोक आत जाईल इतकी उघडी. त्याने उस्तादांना आसनावरचे लोखंड उतरवायला सांगितले. कास्टिंगे एकेक करून उतरत गेली तशी ती भेग त्याच्या डोळ्यांदेखत मिटत गेली. सगळे वजन उतरल्यावर तिथे केसाएवढी रेघसुद्धा उरली नाही.

तो बाहेर येऊन उस्तादांसमोर उभा राहिला. "जॅकवर चाक लोंबकळतं, म्हणून ती मला दिसली नाही. आणि एकटा चालवायचो, म्हणून वाजली नाही." मग तो नाडगौडांकडे वळला. "काका, घाटात प्रत्येक उजव्या वळणाला ती थोडी थोडी फाटत गेली असती. एखाद्या वळणावर चाकच मुडपलं असतं."

नाडगौडा गाडीपासून मागे सरले. ते पत्नीच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली.

चहा आला. सन्मतीला राहवेना. "उस्ताद, वजनच ठेवायचं होतं तर काकू होत्याच की. एवढं लोखंड का उचललंत?"

उस्तादांनी कप खाली ठेवला.

"वहिनी म्हणत होत्या की जाग्याखाली काहीतरी वाईट आहे. ते खरं असेल, तर त्या जाग्यावर कुणाला बसवून गाडी हलवायची? मग मी त्यांना बसवू कसं? तू त्यांचं ऐकून घेतलंस, वहीत लिहिलंस, मान डोलावलीस. पण गाडी चालवलीस ती त्यांचं म्हणणं खरं नाही असंच धरून. आवाज त्यांच्या पायाखाली येतो म्हणाल्या आणि तू ती जागा रिकामी ठेवून सहा दिवस फिरलास. तुझे कान माझ्यापेक्षा तिखट आहेत, बाबा. ते अकरा आवाज मला सापडले नसते. पण विश्वास ठेवणं म्हणजे नुसतं होय म्हणणं नव्हे. समोरच्याचं खरं धरून पुढचं काम करायचं. मग ते खोटं निघालं तर लोखंड परत नेऊन ठेवायचं, एवढीच तोशीस."

सन्मती उठला. त्याने एक आरसा आणि टॉर्च आणला, कुमुदिनीबाईंची खुर्ची गाडीजवळ नेली आणि जमिनीवर बसून ती जागा त्यांना दिसेल असा आरसा धरला. त्याच्या सांगण्यावरून नाडगौडा डाव्या आसनाच्या कडेवर हातांनी रेलले. आरशात ती रेघ हळूच उघडली.

बाई आरशाकडे आणखी वाकल्या.

"दोन महिन्यांपासून मला वाटायला लागलं होतं, की माझंच काहीतरी बिनसलंय," त्या अगदी हळू म्हणाल्या.

"चूक माझी झाली, काकू," सन्मती म्हणाला. "तुम्ही जागासुद्धा बरोबर सांगितली होती."

त्या हिवाळ्यात नाडगौडा पतिपत्नी सावंतवाडीला एस्टीने गेली, दोघेही, शेजारी शेजारी बसून. इकडे सन्मतीने पत्र्याचा तो भाग कापून नवा घडवला आणि सांध्याला सांधा असा जोडला की उस्तादांनी बोट फिरवून पाहिले आणि तोंडातून केवळ "वा!" काढले. त्यांच्याकडून एवढे ऐकायला उद्यमनगरातल्या इतर कारागिरांना वर्षे लागत.

महिन्याने दोघे गाडी न्यायला आली. सन्मतीने किल्ली नाडगौडांच्या हाती दिली, पण बोलला तो कुमुदिनीबाईंशी. "मोठी फेरी मारा, काकू. खराब रस्त्याने जा, उजवीकडे वळा. आणि येऊन मला सांगा."

अर्ध्या तासाने गाडी परतली. कुमुदिनीबाईंच्या चेहऱ्यावर वारा लागल्याचा तजेला होता.

"तो गेला. अगदी गेला," त्या म्हणाल्या. मग किंचित अवघडून पुढे म्हणाल्या, "पण दारात काहीतरी किणकिणतंय बरं का. किंवा मलाच तसं वाटत असेल."

"किणकिणतंय म्हणजे काच खाली असताना, की वर?" असे विचारत सन्मती त्या दारापाशी गुडघ्यांवर बसलासुद्धा.

आतल्या बाकावर उस्ताद कार्ब्युरेटर साफ करत बसले होते. त्यांनी सगळे ऐकले होते. ते जागचे उठले नाहीत.