खुंटीवरची मुसकी

फार पूर्वी, जनावरंच जनावरांना राबवायची तेव्हा, एका खळ्याची मालकीण होती घूस. मधल्या तिवड्याच्या खांबाभोवती चांद्या बैल आणि त्याचे सोबती फिरफिरून कणसं मळायचे. खाली दाण्यांचा सडा, अन् तोंडाला मुसकी!

"आपण सगळे एकाच खळ्याचे, आपल्यात कसलं आलंय भांडण?" घूस लाडात म्हणायची. "मुसकं तुमच्याच भल्याचं. दाणे खाऊन पोट फुगेल ना!"

चांद्या बघायचा. फुगलेलं पोट खळ्यावर एकच होतं.

एके सकाळी तो फिरता फिरता खाली बसला आणि खुशाल रवंथ करू लागला. पाठोपाठ सगळेच बसले. घुशीने थयथयाट केला, शेवटी स्वतःच कणसांवर नाचली. एक दाणा सुटेल तर शपथ! हसून हसून बैलांना ठसका लागला.

दुपारी मुसकी सुटली. खात-पीत, घुंगरं वाजवत बैलांनी अशी मळणी केली की कणसात दाणा म्हणून उरला नाही.

"मिटलं ना आता कायमचं?" मुसकी खुंटीला अडकवत घुशीने विचारलं.

"बाई," चांद्या घास घोळवत म्हणाला, "तुम्ही मुसकी जपून ठेवताय, तोवर आम्हीही बसायचं विसरणार नाही."